सहा गाड्यांचा उशीर

१

चोरीला गेली होती एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. माल जागेवर होता, गाडी जागेवर होती, डिझेलचा एक थेंबही कमी झाला नव्हता. फक्त वेळ गेली होती, आणि तीही रोज.

सावळीराम पेखळे यांनी बत्तीस वर्षं जकात नाक्यावर काढली होती. कडब्याखालची साखर, दुधाच्या टाकीतलं तेल, नवरदेवाच्या जीपमधले टेपरेकॉर्डर, असल्या चोऱ्या त्यांनी नुसती टायरची बसकण बघून पकडल्या होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. नाशिकच्या सिडकोतले लोक त्यांना अण्णा म्हणत आणि टेम्पोतला माल अजूनही त्यांच्यासमोरून जरा झाकूनच नेत. पण वेळ चोरणारा चोर अण्णांना भेटला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या सोमवारी सकाळी त्यांना तो भेटायलाही नको होता. वीज गेलेली, अंगाला घामाची चिकचिक, आणि समोर शौकत दोन कागद घेऊन बसलेला.

शौकतच्या सहा गाड्या होत्या. चांदवडहून पुठ्ठ्याची खोकी भरून त्या रोज सकाळी अंबडच्या एका मोठ्या कारखान्यात यायच्या. शौकतच्या वडिलांच्या गाड्या अण्णांच्या नाक्यावरून जायच्या आणि अण्णांनी त्यांना कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. एवढ्या ओळखीवर शौकत आला होता.

उंबऱ्यापाशी त्याचा जुना ड्रायव्हर देवराम बशीतून चहा पीत होता. सुरगाण्याकडचा माणूस, साठीला टेकलेला, बोलणं कमी. बशी धरलेल्या त्याच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं. कधीकाळी गाडीच्या फाळक्यात सापडलं होतं म्हणे.

"देवराम, गेटवर तुला कोण अडवतं रे?" अण्णांनी सरळच विचारलं.

"कोण नाय अडवत, अण्णा. बरी माणसं हायेत सगळी."

शौकतने त्याला गाडीकडे पिटाळलं आणि तो दिसेनासा झाल्यावरच कागद उलगडले. "ही आडगाव नाक्याची पावती, बरोबर सातची. तिथून अंबडचं गेट पाऊण तासावर. म्हणजे पावणेआठला हा माणूस गेटवर. आणि हा पोर्टलचा कागद. नऊ तेहतीस."

पोर्टल म्हणजे कारखान्याने गेल्या वर्षी इंटरनेटवर उघडलेला सामाईक फळा. माल बनवणारे, वाहून नेणारे आणि घेणारे, सगळ्यांनी एकाच फळ्यावर बघायचं. कोणाचा माल किती वाजता आत आला, किती फुटला, कागद बरोबर होते का, याची बेरीज होऊन दर सोमवारी प्रत्येक वाहतूकदाराला शंभरपैकी गुण मिळत. त्यात चाळीस गुण नुसते वेळेचे. नऊच्या आत नोंद झाली तर वेळेवर, नऊनंतर उशीर. तीन महिन्यांची सरासरी पंचाहत्तरच्या खाली गेली की काम बंद.

"डिसेंबरपर्यंत मला त्र्याण्णव होते. आता अठ्ठावन्न," शौकत म्हणाला. "फुटतूट आणि कागद मिळून साठपैकी अठ्ठावन्न. वेळेचे चाळीसपैकी बघा."

अण्णांनी चष्मा पुसून बघितलं. बारा आठवड्यांत अकरा शून्यं होती.

"शाळेतल्या ढ पोरालाही एखादा मार्क पडतो रे."

"तेच तर. कोणीतरी माझ्या गाड्या रोज थांबवतंय. शुक्रवारी तिमाही संपते. कोण, एवढंच शोधून द्या. सहा घरं चालतात त्या गाड्यांवर."

"ड्रायव्हरांना विचारलंस?"

शौकतने नकारार्थी मान हलवली. "गुणांचं मी त्यांना काही सांगितलेलंच नाही. सांगितलं तर हायवेवर जीव घेऊन गाड्या पळवतील. उशीर दिसला म्हणून मी कुणाचा पगारही कापत नाही. माणूस जिवंत पोचला की माझ्यासाठी तो वेळेवर."

लताबाईंनी दोघांना आग्रहाने जेवायला वाढलं. अण्णा बायकोला म्हणाले, तूही बस. नेहमीप्रमाणे त्या म्हणाल्या, तुमचं होऊ द्या. अण्णांचं लक्ष ताटात नव्हतं. त्या अकरा शून्यांच्या मध्ये एक आकडा होता. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, वेळेचे गुण अठरा. चोराने एक आठवडा सुट्टी घेतली होती की काय, ते त्यांना कळेना.

२

कारखान्यात हा फळा सांभाळायला पल्लवी नावाची मुलगी होती. सत्तावीस-अठ्ठावीसची, हुशार, आणि दिवसभर कुणाचं ना कुणाचं गाऱ्हाणं ऐकून थकलेली. तिने अण्णांना पंख्याखालची खुर्ची दिली, यावरून अण्णांनी तिला संशयितांच्या यादीत शेवटी टाकलं.

"वेळ कोणालाच बदलता येत नाही, काका," ती म्हणाली. "खिडकीत गाडीचं कार्ड मशिनला लावलं की संगणक आपोआप वेळ टाकतो. मलाही ती खोडता येत नाही."

"पूर्वी गेटवर वही असायची."

"पोर्टल आल्यावर बंद केली. दोन दोन नोंदी कशाला ठेवायच्या?"

अण्णांना ते आवडलं नाही. वहीत खाडाखोड तरी दिसते.

"डिसेंबरात काही झालं होतं का? शौकतचे गुण तेव्हापासून पडलेत."

पल्लवीने आठवून सांगितलं. "खिडकीपाशी ड्रायव्हरांची मारामारी झाली होती. आधी मी, आधी मी म्हणून. एकाचं डोकं फुटलं. मग आम्ही नोटीस लावली की खिडकीशी गर्दी करायची नाही. तेव्हापासून शांतता आहे. तुम्हाला सांगते, गेट इतकं शिस्तीत कधीच चाललं नव्हतं."

खिडकीच्या आत दिनेश बसायचा. अंगात नवीकोरी जीन्स, बाहेर नवीकोरी मोटरसायकल. अण्णांची नजर गाडीवर गेलेली बघून तो आपणहून म्हणाला, "सासऱ्यांनी दिली." न विचारता दिलेलं उत्तर अण्णांनी मनात टिपून ठेवलं.

"रोज किती गाड्या?"

"सकाळच्या सोळा. आठला मशिन सुरू होतं, पहिली नोंद आठ तीनला. एकेका गाडीला सहा मिनिटं लागतात. चलन नंबर, मालाचा प्रकार, नगांची संख्या, सगळं टाइप करायचं, आणि इंटरनेटची लाइन तर अशी हळू की चहा पिऊन यावं."

"आधी कोणाचं कार्ड घ्यायचं, हे कोण ठरवतं?"

"खिडकीतून जे आत येईल ते मी लावतो. मला बाहेरचं काही दिसत नाही." त्याने बोट दाखवलं. खिडकी खरंच वीतभर होती आणि तिला जाळी होती. खालच्या फटीतून फक्त हात आत येऊ शकत होता.

अण्णांनी पोर्टलवरची रोजची यादी मागून घेतली आणि बाहेर झाडाखाली बसून वाचली. वाचता वाचता त्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला. सगळ्यात वर रोज वाल्मीकच्या सहा गाड्या. मग चार इतरांच्या. आणि शेवटी, फेब्रुवारीचा तो आठवडा सोडला तर न चुकता, शौकतच्या सहा.

३

वाल्मीक हा शौकतचा प्रतिस्पर्धी. त्याचं ऑफिस म्हणजे गॅरेजमागची पत्र्याची खोली, पण भिंतीवर पोर्टलचा ताजा कागद फ्रेम करून लावलेला. सत्त्याण्णव गुण. गेल्या वर्षी त्याला अठ्ठ्याहत्तर होते.

"या, पेखळे साहेब. शौकतने पाठवलं असेल. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय?"

"तुझ्या गाड्या त्याच्या आधी पोचतात म्हणायच्या."

वाल्मीक मोठ्याने हसला. "आधी कुठल्या? त्याचा तो म्हातारा पावणेआठलाच येऊन बसलेला असतो. माझी पोरं आठ ते साडेआठ करतात. मी खोटं कशाला बोलू? पण फळ्यावर माझी नोंद आधी लागते. का लागते ते देव जाणे. मी तरी कोणाला चहा पाजलेला नाही."

चोराने चोरीचा माल स्वतःहून टेबलावर मांडावा, तसं झालं होतं. नाक्यावरच्या अनुभवाने त्यांना एक ठाऊक होतं की लबाड माणूस एवढी मोकळी कबुली देत नाही.

"तुझे ड्रायव्हर उशीर करत नाहीत वाटतं."

"करून बघावं. नऊच्या पुढे नोंद गेली की त्या दिवसाची हजेरी अर्धी. माझ्याकडेच नाही, सगळ्यांकडे हाच नियम. तो शौकत तेवढा धर्मात्मा."

संध्याकाळी अण्णा जुन्या नाशकात शौकतच्या घरी गेले. त्याची हजेरीची वही मागितली आणि फेब्रुवारीचा दुसरा आठवडा काढला.

"या आठवड्यात काय वेगळं होतं? याच आठवड्यात तुला अठरा गुण आहेत."

"काही नाही हो. त्याच गाड्या, तोच माल." शौकतचं बोट ओळीवरून सरकत एका जागी थांबलं. "देवराम नव्हता. पुतणीचं लग्न होतं सुरगाण्याला. त्याच्या जागी बदली माणूस होता."

देवराम असला की शून्य, देवराम नसला की अठरा. शौकतने वही मिटली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, माझ्या अब्बांच्या मयतीला त्याने खांदा दिलाय."

घरचा भेदी म्हणतात तो हाच का, असं अण्णांच्या मनात आलं, आणि आलं म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला.

४

बुधवारी अण्णा पुन्हा दिनेशच्या खिडकीशी गेले. या वेळी त्यांनी मोटरसायकलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुला बाहेरचं दिसत नाही, कबूल. पण हात तर दिसतो."

"हात दिसतो की."

"किती हात?"

दिनेश गोंधळला. मग त्याच्याच लक्षात आलं. "एकच. रोज तोच. पत्त्यांच्या कॅटसारखी सगळी कार्डं आणतो आणि एकेक करून सरकवतो. मधे फेब्रुवारीत दोन-चार दिवस खूप हात यायचे, नुसती झोंबाझोंबी. मग पुन्हा तोच हात आला."

"कसा आहे तो हात?"

"म्हाताऱ्या माणसाचा आहे. अंगठ्याला नख नाही."

अण्णांनी जाळीला टेकून डोळे मिटले. सुरगाण्याच्या त्या अबोल माणसाने, ज्याने थोरल्या शेठच्या मयतीला खांदा दिला, त्याने धाकट्या शेठच्या सहा गाड्या रोज स्वतःच्या हाताने शेवटी लावल्या होत्या. आणि सगळ्यात शेवटी स्वतःची.

इथे मात्र अण्णा अडले. घरी येऊन त्यांनी कागदावर आकडे मांडले. विकला गेलेला माणूस कधीतरी चुकतो. कधी दोन गाड्या वर लावतो, कधी आपली एखादी मधे सरकवतो, म्हणजे संशय येत नाही. इथे तीन महिन्यांत एकदाही चूक नव्हती. वैर इतकं नेमाने कोणी करत नाही. नेम पाळावा लागतो तो एखाद्या रीतीचा.

आणि दुसरं, पहिली नोंद आठ तीनची आणि पुढे दर सहा मिनिटांनी एक. अण्णांनी बोटांवर मोजलं. दहावी गाडी आठ सत्तावन्नला लागते, अकरावी नऊ तीनला. म्हणजे सोळाच्या सोळा गाड्या पहाटे सहाला येऊन गेटवर उभ्या राहिल्या, तरी दहा वेळेवर आणि सहा उशिरा. कोणत्याही दिवशी, कोणीही काहीही केलं तरी सहा उशिरा.

त्यांना नाक्यावरचं आपलं टेबल आठवलं. पावतीवर ते जी वेळ टाकत ती पावती फाडण्याची. गाडी तासभर रांगेत उभी असली तरी वहीत त्या तासाचा पत्ता नसे. बत्तीस वर्षं त्यांनी आलेल्याची नव्हे, लिहिणाऱ्याची वेळ लिहिली होती. शौकतची ती सातची पावतीसुद्धा तशीच, गाडी त्याआधीच आलेली असणार.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," लताबाई कागदाकडे बघून म्हणाल्या.

"कुत्रंही खात नाहीये," अण्णा म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

५

गुरुवारी सकाळी साडेसातला अण्णा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

पावणेआठला देवरामची गाडी आली, पाठोपाठ शौकतच्या बाकीच्या पाच. मग एकेक करत इतर येत गेले. जो उतरेल तो देवरामच्या हातात आपलं कार्ड आणि चलन देई आणि चहाकडे वळे. कोणी त्याला बाबा म्हणत होतं, कोणी त्याच्यासाठी भाकरी आणली होती. मशिन सुरू झालं तशी देवरामने कार्डं सरकवायला सुरुवात केली. साडेआठला वाल्मीकचा ड्रायव्हर गोटीराम धावतपळत आला, तर त्याचं कार्ड त्याने वरच घेतलं. स्वतःच्या शेठची सहा कार्डं शर्टाच्या खिशात होती, वरून बटण लावलेलं.

अण्णा उठून त्याच्याजवळ गेले. "देवराम, तू सगळ्यांत आधी आलास. मग तुझं कार्ड शेवटी का?"

देवरामला प्रश्नच कळला नाही. "वाढणाऱ्यानं आधी जेवायचं का, अण्णा? मारामारी झाली तवा सगळ्यांनी मलाच सांगितलं, बाबा, तू दे कार्डं, तुझ्यावर कोणाचा राग नाय. मग मी माझीच पयली कशी लावू? माझी आन् माझ्या शेठची शेवटीच लावायची."

"शेठच्या गाड्या आत जायला उशीर होतो, त्याचं?"

"होऊ दे की. यांचे शेठ पगार कापतात. गोटीरामची पोर दवाखान्यात होती, तरी कापला. आमचा शेठ कापत नाय." हे सांगताना त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "लय मोठ्या मनाचा माणूस. त्याला काय कमी पडतंय?"

अण्णांना रहस्य उलगडल्याचा आनंद व्हायला हवा होता. तसा तो त्यांना पुष्कळ वेळा झाला होता, कडब्यातून साखरेचं पोतं ओढून काढताना. आज मात्र तो झाला नाही. शौकतने चांगुलपणाने पगार कापला नाही, चांगुलपणानेच गुणांची गोष्ट लपवली. देवरामने चांगुलपणाने शेवटी उभं राहायचं ठरवलं. तीन चांगुलपणांनी मिळून एका माणसाचं काम बुडवलं होतं आणि धरून न्यावा असा चोर कुठेच नव्हता.

"दहा वेळेवर, सहा उशिरा," ते नकळत मोठ्याने बोलले. "आणि रोजचे सहा शौकतचेच. परवापासून त्याचं काम बंद."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. देवराम खिडकीत वाकलेला होता, त्याने ऐकलं नव्हतं. पण मागे चहाचा ग्लास घेऊन गोटीराम उभा होता, आणि त्याचा चहा तसाच राहिला.

६

पल्लवीने सगळं शेवटपर्यंत ऐकलं. तिने कॅल्क्युलेटरसुद्धा काढला नाही, सहा गुणिले दहा तिला तोंडपाठ होतं.

"तुमचं बरोबर आहे, काका. मग आपण खिडकी मोजत होतो, गाड्या नाही."

"तर मग लिहा तसं."

तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. उशिराचं कारण लिहायला एक चौकट होती. तिच्यात पाच कारणं आधीच भरलेली होती आणि त्यांतलंच एक निवडायचं होतं. वाहनात बिघाड, अपघात, रस्ता बंद, अतिवृष्टी, संप.

"यातलं कोणतं निवडू?"

अण्णांनी पाचही वाचली. वाढप्याला शेवटी जेवावं लागतं, यासाठी जागा नव्हती.

"दुसरी खिडकी उघडा मग. निदान पुढच्या माणसाचं तरी भलं होईल."

"त्या मारामारीनंतर जानेवारीतच मागितली होती. मुख्यालयाचं उत्तर आलंय." तिने ते वाचून दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. खिडकी जर हळू असती तर उशीर सगळ्यांचाच थोडा थोडा दिसला असता. इथे एकच वाहतूकदार सोडून सगळे शंभर टक्के वेळेवर आहेत. तेव्हा दोष खिडकीचा नसून त्या वाहतूकदाराचा आहे, त्याला बदला.

देवरामने भांडण नको म्हणून सगळा उशीर आपल्या पदरात घेतला होता, आणि तो एका पदरात गोळा झाला म्हणूनच खिडकी निर्दोष सुटली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर म्हणजे भिंतीतलं एक भोक होतं.

"मी फोन करून बघते," पल्लवी म्हणाली. "पण ते आकडे बघतील, काका. मीही त्यांच्या जागी असते तर आकडेच बघितले असते." तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही.

शौकतला अण्णांनी टपरीवरच गाठलं आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "उद्या माझी सहा वर लावली तर?"

"एका दिवसाने काय होणार? सरासरी साठाच्या आतच राहते."

"आणि दुसऱ्या सहा जणांची हजेरी कापली जाईल."

"जाईल."

शौकत थोडा हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "मग राहू द्या. देवरामला मात्र सांगू नका, अण्णा. काम गेलं तर दुसरं बघेन. तो मात्र हे घेऊन जगायचा नाही."

७

शुक्रवारी अण्णांना जायचं काही कारण नव्हतं, तरी ते गेले.

गेटवर नेहमीसारखी गर्दी होती, पण वाल्मीकच्या सहाही गाड्या त्या दिवशी साडेसातलाच येऊन थांबल्या होत्या. देवरामने आपल्या शेठची कार्डं गोळा करून खिशात ठेवली तसा गोटीराम पुढे झाला आणि त्याने त्याच्या शर्टाच्या खिशाचं बटण काढून आतली सहा कार्डं घेतली.

"अरे, हे काय?"

"रोज तूच वाढतो, बाबा. आज तू बस, मी वाढतो."

देवरामने आधी नाही म्हटलं. मग त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे दुसरीकडे बघत होते. तो बाकावर टेकला आणि त्याने काहीच विचारलं नाही, त्यावरून अण्णांना कळलं की त्याला कळलं आहे. नख नसलेला अंगठा तो दुसऱ्या हाताने चोळत राहिला.

आठ तीनला देवरामची गाडी नोंदली गेली. आठ तेहतीसपर्यंत शौकतच्या सहाही आत गेल्या. मग चार इतरांच्या. नऊ तीनला वाल्मीकची पहिली आणि नऊ तेहतीसला, सगळ्यांत शेवटी, गोटीरामची. तीन महिन्यांची सरासरी त्यामुळे पूर्ण एक गुणानेही हलली नाही. वाल्मीकने संध्याकाळी सहा जणांची अर्धी हजेरी कापली. का उशीर केला, हे एकानेही त्याला सांगितलं नाही.

अंबडला शनिवारी सुट्टी असते. रविवारी नवी तिमाही लागली. शौकतच्या सहा फेऱ्या आता वाल्मीककडे गेल्या होत्या, म्हणजे गाड्या सोळाच. देवराम शनिवारच्या एसटीने सुरगाण्याला निघून गेला होता. शौकत स्टँडवर त्याला थांबवायला गेला तेव्हा तो म्हणाला, "शेठ, तू पगार कापायला पायजे होता."

रविवारी सकाळी खिडकीच्या फटीवर एकदम सोळा हात तुटून पडले. आठ वाजून दहा मिनिटांनी मारामारी सुरू झाली, वॉचमनने शिट्टी फुंकली, कोणाचा तरी शर्ट फाटला. गोटीरामने मधे पडून बघितलं, पण कार्डं त्याच्या हातात द्यायला कोणी तयार नव्हतं.

अण्णा समोरच्या टपरीवर बसून बघत होते. दुपारी पल्लवीने त्यांना यादी दाखवली. दहा वेळेवर, सहा उशिरा.